कपाळावरची फट

चष्म्याच्या धंद्यात केस पांढरे झालेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा आधी मापात दिसतो आणि मग ओळखीचा वाटतो. नाकाची बैठक उंच आहे की बसकी, दोन्ही कान एका रेषेत आहेत की एक जरा खाली, कानशिलापाशी चेहरा किती रुंद आहे, हे सगळे गिऱ्हाईक खुर्चीत टेकेपर्यंत नजरेने टिपून झालेले असते. त्यामुळे माझ्या भाचीने गुलमर्गच्या स्कीइंग प्रशिक्षणासाठी नाव नोंदवले आणि घरातल्या सर्वांना तिच्या थंडीची काळजी लागली, तेव्हा मला तिच्या नाकाची काळजी लागली. ती म्हणाली, "मामा, गॉगल तर तुमच्या दुकानातनंच घेते की. हेल्मेट तेवढं कुठं मिळतंय बघा." हे साहित्य पहिल्यांदा घेणाऱ्या बहुतेकांचा समज असाच असतो: हेल्मेट ही एक खरेदी आणि गॉगल, म्हणजे पट्ट्याने डोक्याला बांधायचा स्पंजाच्या कडेचा मोठा बर्फाचा चष्मा, ही दुसरी. प्रत्यक्षात डोक्यावर चढल्यानंतर या दोन्ही वस्तू एकमेकींना टेकून बसतात, एकमेकींना ढकलतात, एकमेकींच्या हवेची वाट अडवतात किंवा मोकळी करतात. म्हणून त्या जोडीने पाहिल्याशिवाय आणि जोडीने घालून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

सोलापुरात हे सामान मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास रेंगाळणाऱ्या गावात स्कीचे हेल्मेट ठेवून कोण विकणार? नवी पेठेत माझ्या ओळखीचे दोन क्रीडासाहित्यवाले आहेत. त्यांच्याकडे क्रिकेटचे हेल्मेट मिळते आणि फार तर सायकलचे. मागवणे किंवा पुण्याला जाणे एवढेच मार्ग होते आणि मागवायचे म्हटले तरी माप अचूक हवे होते.

त्याआधी भाड्याचा प्रश्न निकालात काढावा लागला. गुलमर्गला स्की, काठ्या आणि बूट भाड्याने सहज मिळतात आणि नवशिक्याने ते भाड्यानेच घ्यावेत, कारण ते महाग असतात, नेण्याआणण्याला जड असतात आणि शिकत गेले की बदलावे लागतात. हेल्मेटही भाड्याने मिळते, पण तिथे मी अडलो. हेल्मेटच्या कवचाखाली जो जाड थर असतो तो म्हणजे दुसरेतिसरे काही नसून पूर्वी आपल्या गणपतीच्या मखरांत असायचा तो थर्मोकोल, फक्त अधिक घट्ट दाबलेला. आघात झाला की हा थर चेपतो आणि चेपताना आघाताची ऊर्जा स्वतः खातो. एकदा चेपलेला भाग पुन्हा फुगत नाही, आणि दुसऱ्या वेळी तिथे खायला काही शिल्लक राहत नाही. वरचे कवच मात्र चकचकीत राहू शकते. भाड्याचे हेल्मेट याआधी किती जणांबरोबर आणि कशावर आपटले आहे, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही. गॉगलचेही तसेच: त्याच्या आतल्या बाजूला धुके धरू नये म्हणून दिलेला लेप फार नाजूक असतो आणि भाड्याच्या गॉगलवर तो दहा जणांनी हातमोज्याने पुसून घालवलेला असतो. म्हणून ठरले की पायातले भाड्याचे, डोक्यावरचे स्वतःचे.

हेल्मेटवर पहिली गोष्ट पाहायची ती आतल्या लेबलावरचे मानक. युरोपचे मानक ईएन १०७७ आणि अमेरिकेचे एएसटीएम एफ २०४०. यांपैकी एकही नसेल तर ते हेल्मेट शोभेचे समजावे. युरोपीय चाचणीत आत धातूचे डोके बसवलेले हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून ऐरणीवर आदळवतात. आदळतानाचा वेग सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर भरतो, आणि आतल्या डोक्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींपलीकडे जाता कामा नये अशी अट असते. अमेरिकी चाचणीत उंची दोन मीटरची आणि मर्यादा ३०० पटींची आहे. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते म्हणून उणे २५ अंशांपर्यंत गोठवलेल्या हेल्मेटचीही परीक्षा होते. ताशी साडेएकोणीस हा आकडा ऐकून भाचीचा चेहरा उतरला, कारण सोलापूरच्या सात रस्ता चौकात ती स्कूटी याहून जोरात चालवते आणि बर्फावरून घसरणारा माणूस तर सहज त्याच्या दुप्पट वेगात असतो. पण हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. उतारावर पाय सुटून माणूस आडवा होतो तेव्हा त्याचा बराचसा वेग उताराच्या दिशेने असतो आणि तो घसरण्यात जिरतो. डोके जमिनीवर येते ते साधारण उभ्या माणसाच्या उंचीवरून. चाचणीतले दीड मीटर या पडण्याला बऱ्यापैकी लागू पडतात. झाड, खडक किंवा खांब समोरून आला तर मात्र हा हिशेब कोलमडतो. मोटारशर्यतीचा विश्वविजेता मायकेल शूमाखर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधल्या मेरिबेल येथे खडकावर आदळला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, आणि तरीही मेंदूला जबर इजा झाली. उलट मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातल्या मों-त्रांब्लां येथे नवशिक्यांच्या साध्या उतारावर, शिकवणी चालू असताना, हेल्मेटशिवाय पडली; उठून बोलली, आपण ठीक आहोत म्हणाली, आणि दोन दिवसांनी गेली. माझ्या बहिणीला मी दुसरे उदाहरण सांगितले, पहिले नाही. आईला सांगण्याच्या गोष्टी आणि मुलीला सांगण्याच्या गोष्टी वेगळ्या असतात.

युरोपीय मानकात अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. अ वर्गाचे टणक कवच कानांवरही येते. ब वर्गात कानांवर मऊ गादी असते, हवा अधिक खेळते आणि मागून येणाऱ्याची हाक नीट ऐकू येते. नवशिक्याला ब पुरतो. त्यानंतर प्रश्न येतो मिप्स नावाच्या आतल्या पातळ, सरकत्या अस्तराचा. स्टॉकहोमचे मेंदूशल्यचिकित्सक हान्स फॉन होल्स्ट आणि तिथल्याच केटीएच या तंत्रसंस्थेचे संशोधक पीटर हॉल्डिन यांनी ही कल्पना विकसित केली. डोके क्वचितच सरळ आपटते, बहुधा ते तिरके आपटते, आणि तिरक्या आघाताने कवटीत मेंदू पिळवटला जातो. हे अस्तर अशा वेळी १० ते १५ मिलीमीटर सरकते आणि त्या पिळाचा काही भाग आपल्यावर घेते. कल्पना मला पटते. परवडत असेल तर घ्यावे. परंतु मिप्स आहे म्हणून सैल हेल्मेट घेण्यापेक्षा मिप्स नसलेले पण घट्ट बसणारे हेल्मेट मी केव्हाही निवडेन, कारण पडताना डोक्यावरून मागे सरकणारे हेल्मेट नेमके कपाळ उघडे टाकते.

मापासाठी शिंप्याची टेप पुरते. भुवयांच्या वर सुमारे अडीच सेंटिमीटरवरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सर्वांत फुगीर भाग असतो त्यावरून टेप फिरवायची आणि येणारा घेर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवायचा. भाचीचे माप ५६ आले. आमच्याकडच्या मुलींच्या बाबतीत खरी अडचण केसांची असते, आणि त्याविषयी हेल्मेटच्या माहितीपत्रकात एक ओळ नसते. अंबाडा घालून माप घेतले तर ते खोटे येते आणि अंबाड्यावर हेल्मेट बसतही नाही, ते पुढे झुकून भुवयांवर येते आणि गॉगलला नाकावर दाबते. मानेपाशी सैल बांधलेली एक वेणी हाच सोयीचा प्रकार. दुसरी अडचण माकडटोपीची. आत्याने मोठ्या प्रेमाने विणून दिलेली लोकरीची जाड माकडटोपी हेल्मेटखाली घालायची नसते. तिने घेर वाढतो, हेल्मेट डोक्याऐवजी लोकरीला धरते आणि लोकर केसांवर घसरते. फारच थंडी असेल तर अंगाला चिकटणारी पातळ टोपी घालावी, आणि ती घालणार असू तर माप घेतानाही घालावी. आत्याला हे कसे सांगितले ते इथे लिहीत नाही. तेल लावलेल्या केसांचाही विचार करून काढून धुता येणारे अस्तर पाहिले.

शेवटी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. लेबलावर ५५ ते ५९ लिहिलेली दोन वेगवेगळ्या कंपन्यांची हेल्मेटे एकाच डोक्यावर इतकी निराळी बसतात हे तिथे तिने स्वतः अनुभवले. घेर सारखा असला तरी घाट सारखा नसतो. कुणाचे डोके गोल, कुणाचे पुढून मागे लांबट. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट घातले तर कानशिलांवर दाब येतो आणि कपाळापाशी पोकळी राहते, आणि ती पोकळी मागची चकती फिरवून भरत नाही. चकती ही शेवटचा अर्धा सेंटिमीटर आवळण्यासाठी असते, चुकीचा घाट दुरुस्त करण्यासाठी नाही. हनुवटीचा पट्टा उघडा ठेवून तिला मान डावीउजवीकडे झटकायला लावली: हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे, हेल्मेट एकटे हलता कामा नये. मग पट्ट्यात एक बोट जाईल इतकी जागा ठेवून जांभई द्यायला सांगितली. तोंड उघडताच हेल्मेट माथ्यावर किंचित खाली ओढले गेले, म्हणजे पट्टा बरोबर आहे. नंतर पंधरा-वीस मिनिटे ते तसेच घालून आम्ही दुकानात फिरलो. काढल्यावर कपाळावर सर्वत्र सारखी, फिकट लाली होती. एकाच जागी लाल ठिपका उमटला असता तर ते हेल्मेट मी परत ठेवले असते, कारण दुकानातला तो ठिपका तीन तासांनी डोकेदुखी होतो.

आता मूळ मुद्दा. हेल्मेटची पुढची कड आणि गॉगलची वरची कड यांच्यात जी रेघ असते, तिच्यावर सगळे अवलंबून आहे. तिथे फट राहिली तर कपाळाची एक पट्टी उघडी पडते, वेगात असताना तिच्यावर थंड वारा सुरीसारखा लागतो, दुपारी तीच पट्टी उन्हाने भाजते आणि पडल्यावर तिथूनच बर्फ आत शिरतो. परदेशातले सराईत लोक ही फट पाहून नवख्याला ओळखतात आणि हसतात म्हणे. हसू देत, पण वारा हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. याच्या उलट प्रकार अधिक त्रासाचा आणि कमी चर्चेचा आहे. हेल्मेट खाली आले असेल किंवा गॉगलची चौकट कपाळासाठी फार उंच असेल, तर हेल्मेटची कड गॉगलला खाली रेटते, गॉगल नाकपुड्या दाबतो, आणि माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो. तोंडाची ती गरम वाफ सरळ गॉगलकडे चढते. शिवाय गॉगलच्या वरच्या कडेला हवा जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, त्यांवर स्पंजाची पट्टी असते, आणि चांगल्या हेल्मेटच्या पुढच्या कडेत नेमक्या त्यांच्यासमोर खाचा ठेवलेल्या असतात; गॉगलमधली दमट हवा त्या खाचांतून हेल्मेटमध्ये ओढली जाऊन मागून बाहेर पडावी, अशी ती योजना असते. कड घट्ट दाबून बसली की ही वाट बंद होते आणि काच आतून पांढरी होते. म्हणजे दोन्ही वस्तू टेकल्या तर पाहिजेत, पण एकमेकींवर चढता कामा नयेत. करंगळी आत शिरू नये आणि तरी गॉगल हाताने किंचित वरखाली करता यावा, हा माझा अंदाज. एकाच कंपनीची जोडी घेतली तर वक्र जुळण्याची शक्यता वाढते, परंतु त्याच कंपनीचा मोठा गॉगल आणि लहान हेल्मेट जुळेलच असे नाही. आम्ही चार गॉगल घालून पाहिले, त्यांतला सर्वांत देखणा होता तोच नाक दाबत होता. विक्रेता म्हणाला, "वापरून सैल होईल." गेली कित्येक वर्षे हे वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगायचे टाळत आलो आहे, कारण प्लास्टिकची चौकट वापरून सैल होत नसते, माणूस फक्त सोसायला शिकतो. नाकाची बैठक बसकी असणाऱ्यांसाठी नाकापाशी जास्त जाड स्पंज असलेले गॉगल वेगळे मिळतात. तो प्रकार घालताच तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी येणारा उजेड बंद झाला.

घरी आल्यावर तिने गॉगल फ्रिजमध्ये ठेवून धुक्याची परीक्षा घ्यायचे ठरवले. अर्ध्या तासाने बाहेर काढताच काच बाहेरून पांढरी झाली आणि ती हिरमुसली. वाफ नेहमी गार पृष्ठभागाच्या उबदार बाजूला धरते. सोलापूरच्या स्वयंपाकघरात उबदार बाजू बाहेरची होती, गुलमर्गला ती आतली असेल. म्हणूनच स्की गॉगलला दोन काचा असतात आणि मध्ये हवेचा बंद थर असतो, ज्यामुळे आतली काच बाहेरच्या थंडीइतकी गार होत नाही. धुके आलेच तर गॉगल कपाळावर चढवू नये, कारण घामाने गरम झालेल्या कपाळापाशी तो आणखी वाफ धरतो. आणि आतून पुसू तर मुळीच नये, झटकून पाणी काढावे आणि वाळू द्यावा.

तिला दूरचा नंबर आहे, आणि इथे मी दुकानदार म्हणून अधिक बोलू शकतो. चष्म्यावरून घालायचे गॉगल मिळतात. त्यांच्या आत खोली जास्त असते आणि कडेच्या स्पंजात चष्म्याच्या काड्यांसाठी खाचा असतात. पण काड्या तिथेच संपत नाहीत, त्या पुढे हेल्मेटच्या कानगादीखाली जातात आणि जाड काडी असेल तर तासाभरात कानामागे ठणका लागतो. म्हणून चष्मा, हेल्मेट आणि गॉगल या तिन्ही वस्तू एकत्र घालूनच तपासाव्यात. मी तिला अरुंद, पातळ आणि सरळ काड्यांची चौकट आणि पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकच्या काचा करून दिल्या. साधी काच अशा ठिकाणी डोळ्यासमोर नकोच. चष्म्याची काच मात्र एकेरी असते, त्यामुळे गॉगल स्वच्छ राहून आतला चष्मा धुकटतो, हा अनुभव अनेकांना येतो. त्यावर रोज टाकून द्यायच्या कॉन्टॅक्ट लेन्स हा चांगला उपाय आहे, पण त्यांची सवय इथेच करून जावे लागते. तिची सवय सध्या चालू आहे.

काचेच्या रंगाविषयी लोकांचा गैरसमज मी रोज ऐकतो: जितकी काळी तितकी चांगली. गॉगलवर एस ० पासून एस ४ पर्यंत वर्ग लिहिलेला असतो. एस ० काच ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश आत सोडते, एस १ काच ४३ ते ८०, एस २ काच १८ ते ४३, एस ३ काच ८ ते १८, आणि एस ४ काच फक्त ३ ते ८ टक्के. लख्ख उन्हाला एस ३ ठीक. परंतु ढग उतरले, बर्फ पडू लागला की आकाश आणि जमीन एकाच रंगाची होते, सावल्या नाहीशा होतात आणि समोरचा खड्डा दिसत नाही. त्या उजेडात एस ३ घालणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणे आहे; तिथे पिवळट किंवा गुलाबी छटेची एस १ काच हवी. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचा हा दोन्हींचा सुवर्णमध्य वाटतो. मात्र त्यांचे रसायन तापमानावर चालते. मे महिन्यात माझ्याकडे तक्रार येते की काच पुरेशी काळी होत नाही, आणि ती खरी असते, कारण उष्णतेत त्या फिकट राहतात. बर्फात नेमके उलट घडते: त्या गडद होतात आणि सावलीत आल्यावर पुन्हा फिकट व्हायला वेळ लावतात. त्यापेक्षा बदलता येणाऱ्या दोन काचांचा गॉगल मला सरळ वाटला.

काळेपणाचा आणि अतिनील किरणांचा संबंध नाही, हेही सांगायला हवे. पॉलिकार्बोनेट स्वतःच जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते, मग ते रंगहीन का असेना. बर्फात याची गरज किती, ते असे: दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, जिथे आपल्या शेतातली माती १० टक्केही फेकत नाही. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे आणि तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, अफरवट डोंगरावरचा टप्पा ३,९०० मीटरच्याही वर जातो. उघड्या डोळ्यांनी तिथे दिवस काढला तर रात्री बुबुळ सुजते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि उजेड सोसवत नाही. टोपीच्या झडपेने हे टळत नाही, कारण किरण खालून येतात.

पट्ट्याचे सांगायचे राहिले. गॉगलचा पट्टा हेल्मेटच्या बाहेरून जातो, आतून नाही, आणि मागे एका पकडीत अडकवला जातो. त्याच्या आतल्या बाजूला रबराच्या रेघा असल्या की तो कवचावरून सरकत नाही. हनुवटीचे बकल आणि हा पट्टा दोन्ही जाड हातमोजे घालून उघडता येतात का, हे तिने दुकानातच पाहिले.

ती पुढच्या महिन्यात निघेल. परत आल्यावर हेच हेल्मेट स्कूटीवर वापरू का, असे तिने विचारले आणि मी नाही म्हटले: दुचाकीच्या हेल्मेटला आपल्याकडे आयएस ४१५१ आणि आयएसआयची खूण लागते, त्याची परीक्षा डांबरी रस्त्यासाठी असते आणि वजन याच्या दुप्पट. हे स्कीचे हेल्मेट घराच्या पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीतही ठेवायचे नाही, कारण उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेने आतला थर आणि त्याचा डिंक दोन्ही खराब होतात. माझ्या दुकानातले मागचे कपाट त्यासाठी रिकामे केले आहे. एस १ ची दुसरी काच अजून यायची आहे. काचा मॉडेलगणिक वेगळ्या असतात, म्हणून मागवताना गॉगलच्या पट्ट्याजवळ छापलेले मॉडेलचे नाव अक्षर न अक्षर कळवले आहे, आणि ती आली की निघण्याआधी निदान चार वेळा तिला हातमोजे घालून काच बदलून पाहायला लावणार आहे.